आईची चक्कर आणि कर्वे रस्त्यावरचे एक तपासणी केंद्र

गेल्या फेब्रुवारीत आईला पहाटे कुशीवर वळताना गरगरू लागले. उजवीकडे वळले की खोली फिरायची, अर्ध्या मिनिटाने थांबायची आणि मग पडण्याच्या धास्तीने ती दिवसभर भिंतीला धरून चालायची. तीन महिन्यांत एका ठिकाणी पित्ताचे, दुसऱ्या ठिकाणी मानेच्या मणक्यांचे निदान झाले, पट्टा लावून झाला, चकरेच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ सुरूच राहिल्या. आई ७२ वर्षांची आहे. तिला दोन-तीन वर्षांपासून ऐकूही कमी येते, पण तो वयाचा भाग म्हणून आम्ही सोडून दिला होता. अखेर मे महिन्यात आम्ही पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरील एका खासगी केंद्रात गेलो, जिथे श्रवण आणि तोल या दोन्हींची तपासणी होते. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी गैरसोयी सांगतो. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि अरुंद जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. ज्यांचा तोल जातो अशाच माणसांनी ज्या जिन्याने रोज चढायचे, त्याला दुसऱ्या बाजूने एक पाइप बसवणे कोणालाही सुचू नये, याचे नवल वाटते. प्रतीक्षागृहात तर त्याहून मजेशीर प्रकार आहे: कमी ऐकू येणाऱ्या रुग्णांची नावे काउंटरवरून हळू आवाजात पुकारली जातात. आमच्यासमोर एका आजोबांचा नंबर असाच निघून गेला आणि ते तासभर शांतपणे बसून राहिले. पुण्यात पाट्यांची वाण कधीच नव्हती. क्रमांक दाखवणारी एक पाटी इथे खरोखर हवी आहे.

तिसरी चूक अधिक महत्त्वाची. चकरेच्या गोळ्यांमुळे डोळ्यांच्या हालचाली दबतात, त्यामुळे या हालचाली पडद्यावर दाखवणारा गॉगल लावून करायच्या चाचणीआधी त्या साधारण ४८ तास, अर्थातच डॉक्टरांना विचारून, बंद ठेवाव्या लागतात. वेळ घेताना फोनवर हे कोणीही सांगितले नाही. आईने सकाळी गोळी घेतलेली असल्याने ती चाचणी पुढच्या आठवड्यावर गेली आणि आम्हाला रिक्षाने पुन्हा फेरी मारावी लागली.

आता तपासणीविषयी, कारण या केंद्राचे मोल तिथेच आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, घर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो?" आपण या तिन्ही गोष्टींना सरसकट चक्कर म्हणतो, पण त्यांची कारणे अगदी वेगळी असू शकतात आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी हा भेद कोणी विचारलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात आईला गॉगल लावून टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवून झटकन उताणे झोपवले आणि मला पडद्याकडे बघायला सांगितले. दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही. मग तिचे बुबुळ एका दिशेला गोल झटके देऊ लागले, हळूहळू मंदावले आणि थांबले. तेवढा वेळ आईने माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते.

डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही तपासणी आहे आणि तिने निदान तिथल्या तिथे झाले. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके हलल्यावर नलिकेतला द्रव ढवळतो आणि मेंदूला आपण फिरत असल्याचा खोटा निरोप जातो. उपाय म्हणजे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागेवर नेणे. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या या पद्धतीला औषध लागत नाही आणि वेळ पाच-सात मिनिटांचा. आईला दोनदा करावे लागले. दुसऱ्या वेळेनंतर आठवड्याभराने ती उजव्या कुशीवर झोपली आणि सकाळी ते सांगायलाही विसरली.

कानात कोमट आणि गार पाणी सोडून करायची चाचणीही तिथे होते. अशा पाण्याने डोळे झटके देऊ लागतात; या परिणामाच्या अभ्यासासह अंतर्कर्णावरील कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल मिळाले होते. निदान झाले असल्याने काकूंना ती नको, असे सांगून डॉक्टरांनी यादीतून ती खोडली आणि तिचे पैसेही लावले नाहीत. पॅकेजच्या या दिवसांत हे नोंदवण्यासारखे आहे.

श्रवणाची चाचणी तितकीच नेटकी झाली. शब्दांची यादी मराठीत होती, त्यामुळे नेमके काय निसटते ते समजले. "तास" म्हटले तर आई "ताट" म्हणायची. खालच्या पट्टीतले आवाज तिला नीट येतात, पण २००० हर्ट्झच्या पुढे आलेख घसरतो आणि स, श, ट यांसारखी व्यंजने पुसट होतात. "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तिची जुनी तक्रार आम्ही दुर्लक्षाची खूण समजत होतो. तिची चक्कर आणि बहिरेपण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकीच्या उपचाराने दुसरी जाणार नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

एवढे झाल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी मात्र सूर बदलला. श्रवणयंत्र लावले नाही तर स्मृतिभ्रंश होतो, आणि आजच नोंदणी केली तर सवलत आहे, असे त्यांनी आईसमोरच सांगितले. या विषयावरचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले, आणि एकूण गटात यंत्राने बौद्धिक घसरण कमी झाल्याचे दिसले नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता अशा उपगटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यावरून आशा बाळगता येते, घाबरवता येत नाही. त्यापेक्षा आईला पटण्यासारखे कारण वेगळेच होते: २०१२ मधील एका अमेरिकी अभ्यासात २५ डेसिबलची सौम्य श्रवणहानी असलेल्यांमध्ये पडण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळले होते. यात कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी तीन महिने भिंत धरून चाललेल्या बाईला एवढे पुरेसे होते.

आम्ही त्या दिवशी काहीच घेतले नाही. नंतर अनामत भरून दोन आठवड्यांसाठी यंत्रे घरी आणली आणि ही सोय, मागितल्यावर का होईना, केंद्राने दिली हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पहिले तीन दिवस कुकरची शिट्टी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ यांनी आई वैतागली. नंतर श्रवणतज्ज्ञ मुलीने वरच्या पट्टीतला आवाज थोडा उतरवून दिला, तेही वेगळे पैसे न घेता. आता उजव्या कानातले ती दिवसभर घालते, डावे टीव्हीपुरते.

चक्कर असेल तर इथे जरूर जावे, गोळ्यांबद्दल फोनवर आपणच विचारावे आणि यंत्राची बोलणी दुसऱ्या दिवसावर ढकलावीत. जिना चढताना वयस्कर माणसाला कठड्याच्या बाजूला ठेवावे. उतरताना कठडा डाव्या हाताला येतो.