संभाव्यता आणि मोजणीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : उदाहरणे उत्तम, उत्तरतपासणी उतावीळ

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासासाठी तयार केलेला आणि संभाव्यता व मोजणी या दोनच विषयांना वाहिलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. चित्रमुद्रित पाठ, प्रत्येक पाठाखाली सोडवायची उदाहरणे, अडल्यास उघडता येणाऱ्या सूचना आणि उत्तर टाइप करताच बरोबर-चूक सांगणारी यंत्रणा असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक उदाहरण मी आधी वहीत सोडवले आणि मगच उत्तर भरले. त्यामुळे पुढचे मत नुसते पाठ पाहून बनलेले नाही.

पहिले तीन पाठ हा अभ्यासक्रमाचा सर्वांत चांगला भाग आहे. सूत्राचा उच्चारही न करता विद्यार्थ्याला नमुना अवकाश, म्हणजे प्रयोगाच्या सर्व शक्य निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहून काढायला लावले जाते आणि त्यातील निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, आहेत का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. एक नाणे दोनदा फेकले असता किमान एकदा छापा मिळण्याची संभाव्यता किती, या साध्या प्रश्नावर दालांबेर यांच्यासारखा गणितज्ञ 1754 साली फ्रेंच विश्वकोशातील आपल्या लेखात घसरला होता. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसऱ्या फेकीची गरज उरत नाही, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता धरून त्यांनी 2/3 हे उत्तर काढले. शक्यता तीन आहेत हे खरे, परंतु त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीचा वाटा 1/2 आणि उरलेल्या दोहोंचा प्रत्येकी 1/4 असल्यामुळे खरे उत्तर 3/4 येते. हे उदाहरण पहिल्या पाठातच ठेवण्याचा निर्णय मला फार आवडला. त्यापाठोपाठ गॅलिलिओ यांनी सोडवलेला तीन फाशांचा प्रश्न येतो : बेरीज 9 होण्याच्या आणि 10 होण्याच्या अंकगटांची संख्या सारखीच, म्हणजे सहा-सहा असते, तरीही 216 निष्पत्तींपैकी 9 ही बेरीज 25 वेळा आणि 10 ही बेरीज 27 वेळा येते. कारण 3, 3, 3 हा गट एकाच प्रकारे पडतो, तर 1, 3, 6 हा गट सहा प्रकारे पडतो.

मोजणीच्या पाठांत मात्र ही शिस्त सैल पडते. ‘मांडणी’ हा शब्द दिसला की परम्युटेशन (क्रम धरून मोजणी) आणि ‘निवड’ हा शब्द दिसला की कॉम्बिनेशन (क्रम सोडून मोजणी), अशी शब्दओळख येथे शिकवली जाते आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरतीच कामाची आहे. क्रमाला महत्त्व आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा उदाहरणात दडलेले नसते. ते आपण ठरवायचे असते आणि मग शेवटपर्यंत पाळायचे असते. 52 पत्त्यांतून दोन पत्ते काढले असता दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता घ्या. क्रम धरला तर 12/2652, क्रम सोडला तर 6/1326, आणि दोन्ही रीतींनी उत्तर 1/221 च येते. चूक होते ती अंशात क्रम सोडून छेदात तो धरला की, कारण मग 1/442 हे अर्धवट उत्तर हाती येते. अभ्यासक्रमातील एकाही पाठात हे सांगितलेले नाही. उलट ‘येथे कॉम्बिनेशनच वापरावे’ असे ठामपणे लिहिले आहे.

पुनरावृत्त घटकांच्या मांडणीचा पाठ त्या मानाने नीटस आहे. ‘नवजीवन’ या शब्दातील पाच अक्षरांत न आणि व प्रत्येकी दोनदा येतात, म्हणून 120 ला 2 ने आणि पुन्हा 2 ने भागून 30 वेगळ्या मांडण्या मिळतात; अशा प्रकारची भरपूर उदाहरणे दिली आहेत आणि भागाकार का करायचा हेही समजावले आहे. मोजणीशास्त्राचा इतिहास थेट पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या 1654 सालच्या पत्रव्यवहारापासून सुरू केल्याबद्दल मात्र किंचित कुरकुर केल्यावाचून राहवत नाही. 2, 2, 1, 1 या अंकांपासून सहा संख्या होतात आणि त्यांची बेरीज 9999 येते, हे उदाहरण भास्कराचार्यांनी 1150 सालच्या लीलावतीत, अंकपाशाच्या (अंकांच्या मांडण्यांच्या) प्रकरणात, याच रीतीने सोडवले आहे.

‘किमान एक’ प्रकारच्या उदाहरणांत अभ्यासक्रमाची खरी उणीव उघडी पडते. पाच स्त्रिया आणि चार पुरुष यांतून चार जणांची समिती निवडायची असून तिच्यात किमान एक स्त्री हवी, असे एक उदाहरण आहे. दिलेल्या सोडवणुकीत आधी पाचांतून एक स्त्री निवडली होती, मग उरलेल्या आठांतून तिघे 56 प्रकारे निवडले होते आणि 5 गुणिले 56 बरोबर 280 असे उत्तर छापले होते. अट मुळीच नसताना नऊ जणांतून चौघे निवडण्याचे एकूण प्रकारच 126 आहेत, एवढे पाहिले असते तरी ही चूक लक्षात आली असती. दोन स्त्रिया असलेली प्रत्येक समिती या रीतीत दोनदा मोजली जाते, तीन असलेली तीनदा आणि चार असलेली चारदा. 126 मधून चारही पुरुष असलेली एकच समिती वजा केली की 125 हे बरोबर उत्तर मिळते.

उत्तर तपासणारी यंत्रणा केवळ शेवटचा आकडा पाहते आणि तोही हट्टीपणाने. 6/36 लिहिले तर ती चूक दाखवते आणि 1/6 मागते, वास्तविक 6/36 या रूपातच विद्यार्थ्याने काय मोजले हे स्पष्ट दिसते. दशांश उत्तरे किती स्थळांपर्यंत द्यायची, याचाही कोठे उल्लेख नाही.

प्रयोगांची नक्कल करून दाखवणारे साधन कल्पना म्हणून आकर्षक आहे, परंतु ते 100 प्रयोगांवर थांबते. एक फासा चार वेळा टाकून किमान एकदा सहा मिळण्याची संभाव्यता सुमारे 0.518 आहे, आणि दोन फासे 24 वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा मिळण्याची सुमारे 0.491, शेव्हालिए द मेरे या सतराव्या शतकातील जुगारप्रेमी फ्रेंच गृहस्थांच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा फरक 0.03 पेक्षाही कमी भरतो. 100 प्रयोगांत मिळणाऱ्या यशाच्या प्रमाणाचे प्रमाण विचलनच (खऱ्या मूल्यापासून सर्वसाधारणपणे पडणारे अंतर) जवळपास 0.05 असल्याने हा फरक त्या पडद्यावर दिसणे हा निव्वळ योगायोग ठरेल. मी पाच वेळा साधन चालवले आणि दोनदा निष्कर्ष उलटा आला. मर्यादा 10,000 प्रयोगांपर्यंत वाढवली तर हेच विचलन 0.005 वर येते.

परस्परविरोधी (एकाच वेळी घडू न शकणाऱ्या) आणि स्वतंत्र (एक घडल्याने दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या) घटनांमधील गोंधळ दूर करणारा पाठ छोटा असला तरी चोख आहे. दोन फाशांची बेरीज 7 येणे आणि पहिल्या फाशावर 4 येणे या घटना स्वतंत्र आहेत, पण 7 च्या जागी 8 घेतले की त्या स्वतंत्र राहत नाहीत, ही तुलना मी इतक्या थोडक्यात मांडलेली याआधी पाहिली नव्हती.

वहीत सोडवण्याची सवय असलेल्या आणि पडद्यावरील प्रत्येक उत्तर पडताळून पाहण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याने हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. केवळ बरोबर-चूकची खूण पाहून पुढे जाणाऱ्याने पहिल्या तीन पाठांनंतर थांबावे. समितीच्या उदाहरणातील चूक मी निर्मात्यांना कळवली होती आणि आठवड्याभरात उत्तर बदलून 125 करण्यात आले, मात्र त्याखालील सूचना अजूनही ‘प्रथम एक स्त्री निवडा’ या वाक्यानेच सुरू होते.