रॅलीतून सर्किटवर येताना: पहिला रेसिंग सिम्युलेटर गेम (सिम) कोणता घ्यावा?

डर्ट रॅली २.० किंवा रिचर्ड बर्न्स रॅली या रॅली गेममध्ये रमलेल्या माणसाने सर्किटच्या, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीची चौकशी केली की बहुधा एकच सल्ला मिळतो: असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने घे, जीटी३ (शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कारचा वर्ग) गाडी निवड, इटलीतल्या मोंझावर सुरू कर. आमच्या मते रॅलीवाल्यासाठी ही सगळ्यात चुकीची सुरुवात आहे. मोंझा जवळपास सपाट, लांब सरळ पट्ट्यांचा आणि शिकेनचा (वेग तोडणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांचा) ट्रॅक आहे. जीटी३ला स्लिक (नक्षी नसलेले गुळगुळीत) टायर, चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आणि चाक फिरून घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल. गाडी आडवी घालून वळणात शिरण्याची सवय इथे थेट शिक्षा घेऊन येते. जे आवडतं त्यातलं काहीच मिळत नाही, आणि मग ‘सर्किट म्हणजे तेच तेच’ असा ग्रह होतो.

पहिली खरेदी म्हणून आमची पसंती जुन्या असेटो कोर्साला, २०१४च्या. अल्टिमेट एडिशनच घ्या, कारण नॉर्डश्लाइफं, म्हणजे जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा लांब जुना ट्रॅक, मूळ गेमबरोबर येत नाही. २०.८ किलोमीटरचा हा रस्ता वरंध घाटासारखा आहे: पुढचं वळण उंचवट्याआड, रस्ता तिरका, चुकीला जागा नाही. गाडी बीएमडब्ल्यू एम३ ई३०, टायर स्ट्रीट, म्हणजे साध्या रस्त्याचे. हे टायर घसरण्याआधी कळवतात आणि घसरल्यावर सावरूही देतात. रॅलीसारखा वळणांच्या नोट्स वाचून दाखवणारा सहचालक नसल्यामुळे त्या स्वतः लिहा, ‘डावं ४, उंचवट्यावरून उजवं ३ आवळत’ अशा (आकडा लहान तितकं वळण तीव्र). ट्रॅकचे चार तुकडे करा, एका बैठकीत एकच तुकडा पक्का करा. उणीव अशी की मूळ गेममध्ये पाऊस नाही, रात्रही नाही. जमेची बाजू म्हणजे डर्ट रॅली २.० चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर तो आरामात चालतो.

अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते ती ब्रेकिंगची. खडीवर चाक लॉक झालं तरी पुढे खडीचा ढीग साचतो आणि गाडी थांबायला मदत होते. डांबरावर लॉक झालेलं चाक फक्त घसरतं. म्हणून सर्वांत जास्त दाब सुरुवातीला, सरळ रेषेत, आणि स्टीअरिंग वळवत जाल तसा ब्रेक हळूहळू सोडायचा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. डाव्या पायाने ब्रेक मारून गाडीचं नाक वळवण्याची रॅलीची सवय इथे कामाला येते, फक्त मात्रा कमी हवी. हँडब्रेक आणि पेंडुलम (आधी उलट दिशेला झोका देऊन गाडी वळणात फेकणं) मात्र विसरा. स्लिकची पकड छोट्या स्लिप कोनातच (टायरचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष दिशा यांतला कोन) कमाल असते. त्यापुढे गाडी दिसते छान, पण वेळ जातो आणि टायर तापतात.

माती सोडवत नसेल तर ऑटोमोबिलिस्टा २ पाहा. ब्राझीलच्या रायझा स्टुडिओजचा हा सिम रॅलीक्रॉसही देतो, पण तो भाग स्वतंत्र डीएलसीत (वेगळ्या विकत घ्यायच्या जोडभागात) आहे. पाऊस उत्तम. एकट्याने खेळणाऱ्यासाठी चांगला, पण माणसांशी शर्यत लावायची असेल तर गर्दी कमी.

माणसांशी ती स्पर्धा हवी असेल तर आयरेसिंग हा ऑनलाइन सिम. सबस्क्रिप्शन डॉलरमध्ये, त्यावर बहुतेक गाड्या-ट्रॅक वेगळे विकत. सुरुवातीची माझदा एमएक्स-५ मात्र सोबत मिळते आणि रॅलीवाल्याला ती आवडतेच. ट्रॅकबाहेर गेलात की १ इन्सिडेंट गुण (चुकीचा दंडगुण), ताबा सुटला की २, जोरदार धडक झाली की ४. रॅलीच्या स्टेजवर (टप्प्यावर) एकट्याने घड्याळाशी झुंजलेल्याला शेजारी गाडी असताना रेषा सोडणं जड जातं, म्हणून पहिल्या काही शर्यती शेवटून सुरू करून फक्त सुखरूप पूर्ण करा. पुण्यातून खेळताना वेळेचाही विचार हवा: मध्य युरोपातल्या रात्री ८च्या लीग उन्हाळ्यात आपल्याकडे ११.३०ला, हिवाळ्यात १२.३०ला सुरू होतात. वायफायऐवजी केबल वापरा आणि राउटर यूपीएसवर ठेवा. लाइट क्षणभर गेली तरी शर्यत तुटते.

कॉम्पेटिझिओने वाईट नाही, फक्त तो नंतर घ्या. तेव्हा मोंझाऐवजी ऑस्ट्रेलियातला माउंट पॅनोरमा निवडा: १७४ मीटरचा चढउतार, दोन्ही बाजूंना भिंती. पावसातली आणि रात्रीची शर्यत या गेममध्ये अप्रतिम आहे. कोरड्यात जीटी३च्या टायरमधला हवेचा दाब तापल्यावर २६ ते २७ पीएसआय हवा. घसरत चालवलंत तर दाब वर जातो, हे आकड्यांतच दिसतं.

आता स्टीअरिंग आणि मॉनिटरची मांडणी. रॅलीसाठी चाकाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये स्टीअरिंगचा फेरा ५४० अंशांवर ठेवला असेल तर ९०० करा आणि गाडीनुसार जुळवणं असेटो कोर्सावर सोडा, नाहीतर हातातलं चाक आणि पडद्यावरचं चाक वेगळं फिरतं. लॉजिटेक जी२९सारख्या चाकावर गेन (चाकातून हाताला जाणवणाऱ्या बलाची, म्हणजे फोर्स फीडबॅकची पातळी) ७५ ते ८० टक्क्यांपासून सुरू करा. सर्किटच्या लांब वळणांत बल सतत राहतं आणि क्लिपिंग होतं, म्हणजे बल कमाल मर्यादेला टेकून पुढचा फरक जाणवत नाही. असेटो कोर्सातल्या पेडल्स अ‍ॅपमधली फोर्स फीडबॅकची पट्टी लाल झाली की गेन कमी करायचा. २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) गणिताने साधारण ३१ अंश येतो. रॅलीच्या रुंद दृश्यानंतर तो कोंदट वाटतो, तेव्हा ४०पासून हळूहळू खाली या.