सदाशिव पेठेतला शनिवारचा जागतिक इतिहासाचा वर्ग, आमचा अनुभव

मी आणि माझी लेक (अकरावी, आर्ट्स) आठही शनिवार जाऊन आलो त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. संध्याकाळी ५ ते ७, फी माणशी ३२००, वीस-बावीस जण असतात. गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षानेच जा.

शाळेत आपण इतिहास केला तो सगळा कारणे द्या, टीपा लिहा असा. इथे पहिल्याच दिवशी मॅडमनी काही न सांगता प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाल्या वाचा, कोणी लिहिलंय, कोणाला, आणि का ते सांगा. ते होतं इ.स.पू. १७५० च्या सुमाराचं, आजच्या इराकमधल्या प्राचीन ऊर शहरात सापडलेल्या मातीच्या पाटीवरचं पत्र, मूळ पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आहे. नन्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्यावर भडकलाय, की माल हलका दिलास, माझा माणूस शत्रूच्या मुलखातून तुझ्याकडे आला आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलंस, आता यापुढे माझ्या अंगणात मी स्वतः एकेक लगड निवडून घेणार. मॅडमनी त्याच मापाची मातीची पाटी करून आणली होती, जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर उंच, तळहातात मावते, आणि ती हातात धरल्यावर पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा तो चिडलेला माणूस मला अगदी समोर दिसला. मग प्रश्न आला की यावरून एआ-नासिर लबाड होता असं ठरवायचं का? सगळे हो म्हणाले. तर मॅडम म्हणाल्या त्याची बाजू मांडणारं उत्तर आपल्याकडे नाही, तक्रार झाली एवढंच आपल्याला कळतं. त्या एका वाक्यासाठी माझे पैसे वसूल झाले.

सगळ्यात रंगला तो तिसरा शनिवार. इ.स. ७९ चा इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, आणि धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं. तेव्हा तो सतरा वर्षांचा, आईबरोबर मिसेनमला होता. पाइनच्या झाडासारखा वर जाऊन फांद्या पसरलेला ढग दिसला, मामा जहाजं घेऊन तिकडे निघाला, याला विचारलं येतोस का, तर हा म्हणाला मला अभ्यास आहे. मामा परत आलाच नाही. वाचताना वर्गात एकदम शांतता. आणि मग माझी लेक म्हणाली, मॅडम पण हे लिहिलंय कधी? तर पंचवीसहून जास्त वर्षांनी! म्हणजे बोलतोय तो सतरा वर्षांचा पोरगा नाही, चाळिशी ओलांडलेला नावाजलेला वकील, तोही मामाचं नाव इतिहासात राहावं म्हणून. त्यात पत्राच्या हस्तलिखित नकलांवरून उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट धरली जायची, आणि २०१८ मधे त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. कोळसा फार दिवस टिकत नाही म्हणून ती त्याच वर्षाची असावी, म्हणजे उद्रेक त्यानंतरचा, असं बरेच अभ्यासक मानतात. यावर एक तास चर्चा, साडेसात वाजले तरी कोणी उठेना.

पहिल्या महायुद्धातली १९१७ ची झिमरमन तार पण केली, जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्याची सांकेतिक तार, जिच्यात जर्मनीने मेक्सिकोला अमेरिकेकडून टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून द्यायची लालूच दाखवली होती ती. नुसते आकड्यांचे गट असलेला कागद आधी हातात आणि उलगडा नंतर, मुलांना हे फार आवडलं.

शेवटचा शनिवार इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्यावर. १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी काढला, त्यात १७५० ते १७६१ चीच पत्रं, म्हणजे पानिपतापर्यंतची. अस्सल कागद आधी आणि मत मागून हे आपल्याच पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस कानीकपाळी ओरडून सांगत होता, आणि १९१० मधे स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच पेठेत आहे, मी आयुष्यभर त्याच रस्त्याने जाते येते पण एकदाही आत गेले नव्हते याची खरंच खंत वाटली.

खटकलेलं पण सांगते. झेरॉक्स इतक्या पुसट की मागच्या बाकावरच्या काकांना भिंग लागलं. भाषांतरं सगळी इंग्रजीत, मॅडम मराठीत समजावतात पण मराठी माध्यमाच्या मुलांची दमछाक होते, निदान दोन-तीन उताऱ्यांचं तरी मराठी करून द्यायला हवं. आणि फ्रेंच राज्यक्रांती एका तासात उरकली ते बरोबर नाही केलं, १७८९ चा माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा आणि १७९१ चा ओलँप द गूजचा बायकांच्या हक्कांचा, दोन्ही शेजारी ठेवून वाचायला पूर्ण शनिवार हवा होता. नववीच्या खालच्या मुलांना पाठवू नका, कंटाळतील.

घरी काय झालं ते सांगते. पानशेतच्या पुरानंतर सासूबाईंनी सांगलीला भावाला टाकलेलं पोस्टकार्ड मामांकडून परत आलेलं, ते माळ्यावर होतं. लेकीने शोधून काढलं, शिक्का बघितला, २० जुलै १९६१, म्हणजे पूर आल्यावर आठ दिवसांनी. मग वही घेऊन आजीसमोर बसली, "आजी, पाणी लकडी पुलावरून गेलं असं लिहिलंयस, ते तू स्वतः पाहिलंस की कोणी सांगितलं?" सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "घरातलं पाणी मी पाहिलं गं. पुलाचं ह्यांनी सांगितलं."