शब्दभ्रम, बोलक्या बाहुल्या की व्हेंट्रिलोक्विझम?

गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापायला निघाली की हा प्रश्न येतोच. कलाकार ठरला, वेळ ठरली. पण ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करण्याच्या या खेळाला म्हणायचं काय?

व्हेंट्रिलोक्विझमचं मूळ लॅटिन. व्हेंटर म्हणजे पोट, लोक्वी म्हणजे बोलणं. आवाज पोटातून येतो ही जुनी समजूत त्या नावात राहून गेली. खरं तर पोटाचा संबंध श्वासापुरताच. शिवाय पत्रिका वाचणारी आजी या शब्दाला अडखळणार. अभ्यासाच्या लेखात चालेल, फलकावर नको.

‘शब्दभ्रम’ नेमक्या जागी बोट ठेवतो. आवाज कुठेही ‘फेकला’ जात नाही, तो कलाकाराच्याच तोंडातून येतो. त्याचे ओठ स्थिर आणि बाहुलीचा जबडा हलता, म्हणून आपले डोळे कानांना फसवतात. एकदा आरशासमोर करून बघा: दात हलकेच टेकवा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि ते न हलवता ‘बाबा’ म्हणा. ‘दादा’ ऐकू येईल. ‘मामा’चा ‘नाना’ होईल. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावे लागतात. तेच जिभेवर निभावून न्यायचे, ही खरी मेहनत. ‘शब्दभ्रम’मध्ये यातली तीन अक्षरं आहेत. स्वतःच्या कलेचं नाव बाहुलीच्या तोंडून स्वच्छ वदवणारा शब्दभ्रमकार मला म्हणूनच मोठा वाटतो.

‘बोलक्या बाहुल्या’ पोरांना लगेच कळतं. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांचा बाहुला अर्धवटराव त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेला, तो याच नावाने लोकांच्या ओठी बसला. पण हे नाव बाहुलीचं, कलेचं नव्हे. ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुलाही बोलतो, बाहुली रामदास पाध्ये यांची, आवाज मात्र दिलीप प्रभावळकरांचा. तो शब्दभ्रम नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या तर दोऱ्यांवर नाचतात, ती परंपराच वेगळी; दोन्ही एकात कोंबू नका.

तेव्हा पत्रिकेवर मोठ्या अक्षरात ‘बोलक्या बाहुल्या’, खाली ‘शब्दभ्रमाचे प्रयोग’ आणि कलाकाराच्या नावाआधी ‘शब्दभ्रमकार’ छापा.

राजकीय लेखाचं भाषांतर करताना, एकाच्या तोंडून दुसराच बोलतोय असं म्हणायचं असेल, तर मात्र यातला एकही शब्द घेऊ नका. तिथे ‘बोलविता धनी वेगळा’ हेच मराठी.