कोऱ्या धनादेशांवरच्या तीन सह्या आणि अपघाताच्या भरपाईतले ८,३५,००० रुपये

माझे थोरले बंधू ११ ऑगस्ट २०२२ रोजी पुणे-सोलापूर महामार्गावरच्या अपघातात गेले. ते दुचाकीवर होते आणि मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले. वय ४४, कारखान्यात कायम नोकरी, पगार महिना २४,००० रुपये. मागे वहिनी, सोळा आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि आमची आई. त्यांच्या मृत्यूपोटी जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातले ८,३५,००० रुपये एका दलालाने वहिनींच्याच सहीने काढून नेले, आणि त्याआधी निरनिराळ्या निमित्तांनी आमच्याकडून रोख ४३,५०० रुपये घेतले होते ते वेगळेच. या माणसाला घरात बसवून घेणारा मीच. मी एका पतसंस्थेत २२ वर्षे हिशेबनीस आहे, कोऱ्या कागदावर सही करू नका असे खातेदारांना रोज सांगत आलो आहे, त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण तो माणूस आजही त्याच न्यायालयाच्या आवारात उजळ माथ्याने वावरतो आणि अपघातात माणूस गेलेल्या घरांचे पत्ते त्याला आजही मिळतात.

आमचा पत्ता त्याला रुग्णालयातून मिळाला असावा, कारण शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर आमचे नाव-गाव विचारून गेलेला मुलगा पुढे मला त्याच्याच गाडीत दिसला. दादांच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी तो घरी आला, आईला मावशी म्हणाला आणि दाव्याची मुदत आता फक्त सहा महिन्यांची आहे, उशीर झाला तर एक रुपया मिळणार नाही, असे त्याने बजावले. सहा महिन्यांची गोष्ट खरी होती. १ एप्रिल २०२२ पासून तशी तरतूद लागू झाली आहे. फसवणारा माणूस एक गोष्ट खरी सांगतो आणि तिच्या आडून उरलेल्या दहा खोट्या गळी उतरवतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते. पैसे हातात आल्यावर दहा टक्के द्यायचे, असे तोंडी ठरले. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेण्यास वकिलांना त्यांच्या व्यावसायिक नियमांनीच मनाई आहे, हे मला पुढे कळले. तुमच्याशी कोणी टक्क्यांची भाषा करू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्याने १५,००० रुपये दाव्याच्या कागदांसाठी घेतले, २०,००० रुपये पोलिसांकडून प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती काढण्यासाठी, आणि ८,५०० रुपये एका साक्षीदाराच्या येण्याजाण्यासाठी, जो साक्षीदार आम्ही कधीच पाहिला नाही. यातल्या २०,००० रुपयांचा मला सर्वांत जास्त संताप येतो. सध्याच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला स्वतःहून पाठवायचा असतो. ज्या कागदांसाठी आम्ही पतसंस्थेतून कर्ज काढले, ते देणे पोलिसांचे कामच होते.

दावा त्याने आमच्या जिल्ह्यात न टाकता ११० किलोमीटरवरच्या न्यायालयात टाकला आणि कायद्याने तिथेच टाकावा लागतो असे सांगितले. कायदा असे काहीही सांगत नाही. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे दावा दाखल करता येतो. त्या न्यायालयात त्याची माणसे होती, एवढेच त्यामागचे कारण होते. वकीलपत्रावर वहिनींची सही घेतली तेव्हा वकिलाच्या नावाची जागा मोकळी होती. तेही मी पाहिले आणि गप्प बसलो.

आता त्या दिवसाविषयी लिहितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने वहिनींचे खाते न्यायालयाजवळच्या एका बँकेत उघडून घेतले. बँकेचा अर्ज त्याच्याच माणसाने भरला. बाहेर आल्यावर उपाहारगृहासमोरच्या बाकावर त्याने नवे धनादेश पुस्तक उघडले, पहिली तीन पाने अंगठ्याने पंख्यासारखी पसरली आणि खाते चालू झाल्याची खात्री करायला बँकेला तीन सह्या लागतात, असे म्हणून पेन वहिनींच्या हातात दिले. वहिनींनी पेन घेतले, पण सही केली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यावर आकडा लिहिलेला नाही." मी पतसंस्थेतला माणूस, अशा सह्या जगातली कोणतीही बँक मागत नाही हे मला माहीत होते, आणि तरीही परतीची गाडी चुकेल या घाईत मी म्हणालो, "वहिनी, करा सही, हे लोक रोज हेच काम करतात." त्यांनी तीनदा आपले पूर्ण नाव लिहिले, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटे करून. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला जे दिसले, ते मला दिसले नाही असे मी म्हणू शकत नाही. मला दिसले होते. त्या माणसाने दोन वर्षे घरी फळे आणली होती, तारखेच्या आदल्या रात्री न चुकता दूरध्वनी केला होता, आणि त्याच्यावर संशय घेणे मला कृतघ्नपणाचे वाटले.

डिसेंबर २०२४ च्या लोकअदालतीत २४,००,००० रुपयांवर तडजोड झाली. तिथे आमचा वकील आम्ही पहिल्यांदा पाहिला. पंचांनी वहिनींना रक्कम मान्य आहे का, असे विचारले. दलालाने आधीच बजावून ठेवले होते की नाही म्हटलेत तर विमा कंपनी उच्च न्यायालयात जाईल आणि दहा वर्षे काही मिळणार नाही, म्हणून आम्ही होकार दिला. योग्य रक्कम किती झाली असती, हे मला पुढे विधी सेवा कार्यालयातल्या एका वकील बाईंनी कागदावर मांडून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे वर्षाचा पगार २,८८,००० रुपये; वय चाळीस ते पन्नास आणि नोकरी कायम म्हणून भावी वाढीचे ३० टक्के धरून ३,७४,४०० रुपये; अवलंबून असणारी माणसे चार म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून २,८०,८०० रुपये; आणि ४१ ते ४५ वयोगटाचा गुणक, म्हणजे या वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १४. म्हणजे ३९,३१,२०० रुपये, शिवाय अंत्यविधी आणि सहवासाच्या हानीपोटी ठरावीक रकमा, शिवाय व्याज. तडजोडीत त्यातून काही सोडावे लागते, हे मला मान्य आहे. पण हा हिशेब आम्हाला एकदाही कोणी दाखवला नाही, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते हेही कोणी सांगितले नाही. निवाड्याला होकार देण्याआधी हा हिशेब स्वतः मांडून पाहा. साध्या गुणाकारापलीकडे त्यात काही नाही.

मुलांच्या नावे प्रत्येकी चार लाखांची मुदत ठेव झाली आणि आईच्या नावे दोन लाख आले, त्यांना त्याचा हात लागला नाही. वहिनींच्या वाट्याचे १४,००,००० रुपये ३ फेब्रुवारी २०२५ रोजी खात्यात जमा झाले. ४ फेब्रुवारीला एका धनादेशाने ७,२०,००० आणि दुसऱ्याने १,१५,००० रुपये एका व्यापारी पेढीच्या खात्यात वळते झाले. आम्हाला एकही संदेश आला नाही, कारण खात्याला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक त्या दलालाचा होता. आम्ही १० मार्चला पासबुक भरून घ्यायला गेलो तेव्हा शिल्लक ५,६५,००० रुपये होती. त्याला विचारले तर त्याने शांतपणे सांगितले की २४ लाखांचे तीस टक्के ७,२०,००० होतात आणि बाकीचा खर्च आहे. दहा टक्के कुठे गेले, असे विचारताच त्याने फोन ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही. खाते स्वतः उघडा, क्रमांक स्वतःचा द्या आणि धनादेश पुस्तक स्वतःच्या कपाटात ठेवा.

त्यानंतर सुरू झालेले हेलपाटे फसवणुकीपेक्षाही जास्त जिव्हारी लागले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अंमलदाराने विचारले, सही तुमचीच आहे ना, मग गुन्हा कसला? दुसऱ्या खेपेस हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले, तिसऱ्या खेपेस बँक आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले, आणि बँकेच्या हद्दीतल्या ठाण्याने अर्जदाराचे घर आमच्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवले. पाच खेपा झाल्या तरी अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली नाही. पैसा कोणत्या खात्यात गेला हे बँकेच्या उताऱ्यावर छापलेले असताना ते खाते कोणाचे, एवढे विचारण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. वहिनी बाकावर तीन तास बसल्या असताना एका अधिकाऱ्याने सर्वांसमोर म्हटले की मेलेल्या माणसाच्या पैशांवरून भांडणारी अशी घरे आम्ही रोज पाहतो. हे वाक्य मी विसरणार नाही. बँकेने दोन ओळींत कळवले की सही जुळते, त्यामुळे बँकेचा दोष नाही; खातेदाराच्या अर्जावर त्रयस्थाचा क्रमांक कसा चालला, या प्रश्नाला उत्तरच नाही. वकिलाविरुद्ध जिथे तक्रार करायची तिथे केली, तेव्हा वकिलाने लेखी दिले की हा दलाल त्याच्या परिचयाचा नाही, आणि दलाल वकील नसल्यामुळे त्याच्यावर आपला अधिकार चालत नाही, असे तक्रार घेणाऱ्यांनी सांगितले. प्रत्येक दारात आमचे ऐकून घेतले आणि पुढचे दार दाखवले. त्या सगळ्या खेपांना मी बिनपगारी २६ दिवस रजा काढली आहे.

ठाण्यात नोंद घेत नसतील तर तिथे भांडत बसू नका. तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा, कारण पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाताना तीच लागते. आम्ही तसा अर्ज आता दंडाधिकाऱ्यांपुढे केला आहे आणि पुढची तारीख लागली आहे. ज्यांच्या घरी अपघात नुकताच झाला आहे, त्यांनी आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर बोलावे. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. आमच्या वहिनींना तो पहिल्या दिवसापासून मिळाला असता.

सही केलेला तिसरा कोरा धनादेश अजून त्या माणसाकडेच आहे. त्याचे पैसे देऊ नयेत, असा अर्ज मी बँकेसाठी लिहिला आणि सहीसाठी वहिनींसमोर ठेवला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला, धनादेशाचा क्रमांक पुस्तकाच्या मागच्या अर्धुकाशी ताडून पाहिला, पुन्हा एकदा वाचला, आणि मग सही केली. तोपर्यंत मी काही बोललो नाही.