डीएचएस: खुब्याच्या जुन्या स्क्रू-प्लेटची पारख

खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी दर काही वर्षांनी नवे इम्प्लांट येते, पण डीएचएसचा (डायनॅमिक हिप स्क्रू, म्हणजे खुब्याचा सरकता स्क्रू) सेट ऑपरेशन थिएटरमधून हलत नाही. त्याचे मूळ अर्न्स्ट पोल यांच्या 1951 च्या पेटंटात आहे. शुम्पेलिक आणि यान्त्सेन यांनी 1955 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि मग तो जर्मनीबाहेर पसरला. रचना साधी आहे. मांडीच्या हाडाच्या डोक्यात एक जाड स्क्रू बसतो, बाहेरच्या बाजूला प्लेट असते, आणि प्लेटला जोडलेल्या बॅरलमध्ये स्क्रूची दांडी सरकू शकते. रुग्णाने पायावर भार दिला की स्क्रू बॅरलमध्ये मागे सरकतो आणि तुटलेली टोके एकमेकांवर दाबली जातात. त्याआधीचे न सरकणारे खिळे इथेच हरायचे: हाड खचले की खिळ्याचे टोक डोके भेदून सांध्यात शिरायचे.

मत आधीच सांगून टाकू. स्थिर ट्रोकँटेरिक (मांडीच्या हाडाच्या मानेखालच्या उंचवट्यांजवळच्या) फ्रॅक्चरसाठी डीएचएस सोडून महागडे काही घेण्याचे सबळ कारण दिसत नाही. तो फसतो तेव्हा धातू क्वचितच दोषी असतो. फ्रॅक्चरची निवड, रिडक्शन (तुटलेली टोके जुळवणे) किंवा गाइड वायरची (स्क्रूची वाट ठरवणाऱ्या तारेची) जागा, यांपैकी काहीतरी आधीच चुकलेले असते.

रोजच्या वापराची प्लेट 135 अंशांची. स्क्रूची दांडी 8 मिमी, आट्यांचा व्यास 12.5 मिमी, लांबी 5 मिमीच्या टप्प्यांत. प्लेटसाठी 4.5 मिमीचे कॉर्टिकल (हाडाच्या कठीण बाहेरच्या थरात बसणारे) स्क्रू. बॅरल दोन प्रकारचे, 38 मिमीचा नेहमीचा आणि 25 मिमीचा आखूड. या दुसऱ्याकडे बरेचदा दुर्लक्ष होते. डोक्यातला स्क्रू आखूड असताना लांब बॅरल लावला, तर आटे लवकरच बॅरलच्या तोंडाला टेकतात आणि सरकायला जागा उरत नाही. म्हणजे पैसे सरकत्या इम्प्लांटचे मोजायचे आणि बसवायचा मात्र जुना ताठ खिळाच.

सेट उघडल्यावर आधी 2.5 मिमीची गाइड वायर पाहावी. ती वाकलेली असली तर रीमर (हाडात भोक पाडणारे ड्रिल) तिच्यावर अडकतो आणि तिला पुढे ढकलत सांध्यातून थेट ओटीपोटात नेऊ शकतो. वायर दर वेळी नवी घ्यावी आणि रीमिंग चालू असताना सी-आर्मवर (ऑपरेशनदरम्यानच्या एक्स-रे यंत्रावर) मधूनमधून नजर टाकावी. बोथट ट्रिपल रीमरचा उपद्रव वेगळा आहे, तो पुढे येईल.

फ्रॅक्चर टेबलवर ताण देऊन पाय थोडा आत वळवला की बहुतेक फ्रॅक्चर जुळतात. एपी (समोरून घेतलेले) चित्र छान दिसले म्हणून पुढे जाऊ नये. लॅटरलमध्ये (बाजूने घेतलेल्या चित्रात) मांडीचे हाड मागे झुकलेले दिसले तर खालून आधार देऊन ते उचलावे लागते. न जुळलेले फ्रॅक्चर स्क्रू जुळवून देत नाही, तो ते आहे त्याच जागी पक्के करतो.

वायरची प्रवेशाची जागा व्हॅस्टस रिजच्या (मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूच्या कडेच्या) साधारण अडीच सेंटिमीटर खाली, अंदाजे लेसर ट्रोकँटरच्या (आतल्या बाजूच्या लहान उंचवट्याच्या) पातळीवर. अँगल गाइड (वायरचा कोन ठरवणारा साचा) हाडाला पूर्ण टेकलेला हवा. वायर दोन्ही चित्रांत डोक्याच्या मध्यातून जावी. एपीत किंचित खाली चालेल, वर आणि पुढे नको. ऑपरेशनचा सगळा निकाल या दोन चित्रांवर ठरतो. इथे पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील, वायर तीनदा काढून घातली तरी चालेल.

जागा बरोबर आहे की नाही हे मोजायला टिप-एपेक्स अंतर वापरतात. स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतचे अंतर एपी आणि लॅटरल अशा दोन्ही चित्रांत मोजायचे, चित्रातले मोठेपण वजा करायचे आणि बेरीज करायची. समजा एपीत 14 मिमी आणि लॅटरलमध्ये 15 मिमी आले, आणि 8 मिमीची दांडी दोन्ही चित्रांत 10 मिमी दिसते आहे. मग 29 ला 0.8 ने गुणून 23.2 मिमी हे खरे अंतर. गुणाकार विसरला तर चांगला बसलेला स्क्रू नापास ठरतो. बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे माप मांडले. त्यांच्या मालिकेत 25 मिमी किंवा त्याहून कमी अंतर असलेल्या 120 स्क्रूंपैकी एकही डोके फाडून बाहेर आला नाही. टिकलेल्या स्क्रूंचे सरासरी अंतर 24 मिमी होते, बाहेर आलेल्यांचे 38. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी आकडा ऑर्थोपेडिक्समध्ये दुसरा शोधावा लागेल.

वायर सांध्याजवळच्या कठीण हाडापर्यंत नेऊन मोजावी आणि रीमर त्या मापापेक्षा 10 मिमी कमीवर लावावा. वाचन 105 आले तर रीमर 95 वर. रीमर मागे घेताना वायर सोबत निघून येते, हा नेहमीचाच त्रास. ती नव्या वाटेने न जाता त्याच भोकातून गेली आहे, हे सी-आर्मवर पाहूनच पुढे जावे. ठिसूळ हाडात टॅप करू नये (स्क्रूआधी आटे पाडू नयेत), टॅप फक्त तरुण, कठीण हाडासाठी. स्क्रू फिरवताना डोकेही सोबत फिरू शकते, म्हणून अस्थिर फ्रॅक्चरमध्ये वरून एक जादा वायर आधी घालून ठेवावी. शेवटी टी-हँडल (स्क्रू फिरवण्याची मूठ) मांडीच्या हाडाला समांतर थांबले पाहिजे, नाहीतर बॅरल दांडीवर चढत नाही आणि मग हातोडीचे प्रयोग सुरू होतात. प्लेटवर स्क्रू लावण्यापूर्वी टेबलचा ताण सैल करावा, नाहीतर फट तशीच राहते. कॉम्प्रेशन स्क्रू (फट दाबून बंद करणारा) मऊ हाडात जपून आवळावा. जास्त पिळला तर डोक्यातल्या आट्यांची पकड जाते, आणि ती परत मिळत नाही.

डीएचएसची खरी मर्यादा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या भिंतीत आहे. बॅरलसाठी मोठे भोक याच भिंतीला पडते, आणि ती पातळ असेल तर रीमिंग करतानाच फुटते. बोथट रीमर इथेच घात करतो. भिंत गेली की सरकणाऱ्या डोक्याला अडवणारे काही राहत नाही आणि मांडीचे हाड आत सरकत जाते. हेन्रिक पाम यांच्या 2007 च्या अभ्यासातल्या 214 रुग्णांमध्ये भिंत फुटलेल्यांपैकी 22 टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागले, शाबूत असलेल्यांपैकी 3 टक्क्यांना. फुटलेल्या भिंतींपैकी 74 टक्के ऑपरेशनच्या दरम्यानच फुटल्या होत्या. पुढे 2013 मध्ये भिंतीच्या जाडीची 20.5 मिमी ही सीमा सुचवली गेली. ग्रेटर ट्रोकँटरखालच्या (हाडाच्या वरच्या मोठ्या उंचवट्याखालच्या) छोट्या उंचवट्यापासून 3 सेंमी खाली यायचे आणि तिथून 135 अंशांत फ्रॅक्चरच्या रेषेपर्यंत एपी एक्स-रेवर मोजायचे. त्याहून पातळ भिंत दिसली तर नेल (हाडाच्या पोकळीत बसवायची सळई) मागवावा.

रिव्हर्स ऑब्लिक फ्रॅक्चरमध्ये तर हा इम्प्लांट वापरूच नये. तिथे फ्रॅक्चरची रेषा उलट्या दिशेने जाते, त्यामुळे सरकणे म्हणजे दाबणे नव्हे, वेगळे होणे. हायडुकेविच यांच्या 2001 च्या मालिकेत अशा 16 पैकी 9 रुग्णांत सरकता स्क्रू अपयशी ठरला.

नेलशी तुलना केली तर स्थिर फ्रॅक्चरमध्ये चालण्याच्या क्षमतेत फारसा फरक आढळत नाही. नेलमध्ये संसर्ग आणि न जुळण्याचे प्रमाण काहीसे कमी, पण नेलच्या आसपास हाड नव्याने तुटण्याचा धोका जास्त. इंग्लंडमधल्या पीटरबरोचे सर्जन मार्टिन पार्कर यांनी कित्येक वर्षे हाच हिशेब मांडला. उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही 2011 मध्ये लेसर ट्रोकँटरपर्यंतच्या ए1 आणि ए2 प्रकारच्या फ्रॅक्चरसाठी सरकत्या स्क्रूलाच पसंती दिली. विस्तारणारी पाती असलेल्या एक्स-बोल्टची हजारावर रुग्णांमध्ये याच स्क्रूशी तुलना झाली, तिथेही नव्याला आघाडी मिळाली नाही.

मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरसाठी डीएचएसला कमी गुण. फेथ चाचणीत (2017, 1108 रुग्ण) दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशनचे प्रमाण डीएचएसमध्ये 20 टक्के आणि साध्या कॅन्सेलस (आतल्या जाळीदार हाडात बसणाऱ्या) स्क्रूंमध्ये 22 टक्के होते. हा फरक नगण्य आहे. डोके निर्जीव होण्याचे प्रमाण मात्र डीएचएसमध्ये जास्त, 9 विरुद्ध 5 टक्के. मानेच्या बुडाशी तुटलेल्या रुग्णांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याची बाजू थोडी वरचढ दिसली. वयस्क रुग्णाची मान सरकलेली असेल तर चर्चा स्क्रूची नसून सांधा बदलण्याची आहे.

नातेवाईक इम्प्लांटच्या कंपनीबद्दल खोलात जाऊन विचारतात. ऑपरेशन किती तासांत होणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा. 17 देशांतल्या 2970 रुग्णांवरच्या हिप अटॅक चाचणीत (2020) निदानानंतर साधारण 6 तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना 24 तासांत झालेल्यांशी केली. 90 दिवसांतल्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, 9 विरुद्ध 10 टक्के. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, मूत्रमार्गाचा संसर्ग कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. डीएचएस नीट बसला असेल तर दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभे करता येते. भार दिला नाही तर स्क्रू सरकणार कसा?

सहा आठवड्यांच्या एक्स-रेत तीन गोष्टी पाहाव्यात. स्क्रू काही मिलिमीटर मागे आलेला असणे अपेक्षितच आहे, त्यावर घाबरू नये. बाहेरच्या बाजूला टोचते, अशी तक्रार त्यामुळेच येते. स्क्रूचे टोक डोक्यात वर सरकलेले दिसले तर आठवडाभरात पुन्हा एक्स-रे काढावा. आणि मांडीचे हाड आपल्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त आत सरकले असेल, तर पार्कर यांच्या 1996 च्या मोजणीनुसार अपयशाचा धोका सातपट असतो. अशा रुग्णाला नेहमीची पुढची तारीख देऊन घरी पाठवू नये.