केबल कापण्याआधी: सिग्नलने ओळख की स्पाइकिंग?

एकाच खंदकात सारख्या दिसणाऱ्या अनेक केबल असताना कापायची केबल मृत (वीजप्रवाह नसलेली) असल्याची खात्री सिग्नलने करावी की स्पाइकिंगने, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. पुरवठा खंडित करून, स्विचला कुलूप व फलक लावून आणि दोन्ही टोके जमिनीशी जोडूनच (अर्थिंग करूनच) दोन्ही पद्धती वापरायच्या असतात.

सिग्नल पद्धतीत एका टोकाकडून ठरावीक प्रवाह सोडून कामाच्या जागी क्लॅम्पने (केबलभोवती अडकवायच्या मापकाने) त्याची दिशा तपासतात. केबलला इजा होत नाही. मात्र परतीचा प्रवाह शेजारच्या केबलच्या धातूच्या आवरणांतून वाहत असल्याने केवळ तीव्रतेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

स्पाइकिंगमध्ये दूर उभे राहून केबलमध्ये खिळा घुसवतात, म्हणजे ती चुकून जिवंत असली तरी स्फोट माणसापासून लांब होतो. हा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे: त्या जागी जोड द्यावाच लागतो आणि निवड चुकल्यास चालू पुरवठा तुटतो.

केबल केवळ तपासायची असेल तर सिग्नल पुरेसा आहे. कापायचीच असेल तर आधी सिग्नल, मग स्पाइकिंग.